मा. मंत्रिमहोदय, 'प्रयत्न केला जाईल' या तीन शब्दांबद्दल

मा. मंत्री, ग्राहक संरक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

काल जिल्हा ग्राहक आयोगात माझी चौदावी तारीख होती. पंधरावीही असेल, डायरी भिजली, म्हणून छातीठोक सांगता येत नाही. पहाटेची एसटी धरून भर पावसात पोचलो. फलकावर माझ्या प्रकरणाचा नंबर होता, आत मंडळ पूर्ण नव्हतं. सदस्याची जागा रिकामी आहे म्हणे. लिपिकाने पुढची तारीख लिहून दिली: 20 नोव्हेंबर. उलट्या पावली परत. घरी आता "काय झालं?" असं कुणी विचारतही नाही.

विषय थोडक्यात मांडतो. कोकणातलं आमचं चिऱ्याचं घर. दर मे महिन्यात कौलं चाळायला माणसं मिळेनात, म्हणून एप्रिल 2023 मध्ये ठेकेदाराकडून कौलं उतरवून रंगीत पत्रे घालून घेतले. 3 लाख 40 हजार रुपये, निवृत्तीच्या पैशातले. पत्र्याचा स्क्रू उंचवट्यावर मारायचा असतो, पाणी खालच्या नाळीतून निघून जातं. एवढं मलाही कळतं, मी आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली तरी. या गृहस्थाने स्क्रू नाळीतच मारले. पाणी जिथून वाहणार, नेमकी तिथेच शे-दोनशे भोकं! निम्म्या स्क्रूंना रबरी वायसर नाहीत. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला किती माझ्या माजघरात पडतो ते हवामान खात्याला विचारू नका, आमच्या बादल्यांना विचारा.

आई 84 वर्षांची आहे. तिची खाट या तीन पावसाळ्यांत घरभर फिरली. आधी खिडकीपाशी, मग देवघराच्या दारात, आता स्वयंपाकघरात, कारण तेवढाच कोपरा कोरडा. परवा रात्री तिने विचारलं, "अरे, ती कौलं काय वाईट होती?" मी उत्तर दिलं नाही. बायकोच्या लग्नातल्या पैठणीला बुरशी आली. माझा दमा परतला. तक्रारीत हे सगळं 'मानसिक व शारीरिक त्रास' या एका ओळीत मावतं.

आता कायद्याकडे येतो, कारण तो मी वाचला आहे. आपल्या खात्यात किती जणांनी वाचला असेल, देव जाणे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019. मला तक्रार करायला दोन वर्षांची मुदत. मी नोव्हेंबर 2023 लाच केली. समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, वर फार तर 15. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं. ठेकेदाराचं म्हणणं त्रेचाळिसाव्या दिवशी आलं. बघा, धाक असला की ठेकेदारसुद्धा वेळेत येतो. आणि आयोगाला? समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल देण्याचा 'प्रयत्न केला जाईल'. सगळी मेख इथे आहे. मुदत चुकली आणि सबळ कारण देता आलं नाही तर माझं प्रकरण मरतं, ठेकेदाराचं म्हणणं तर कारण असलं तरी मरतं. आयोगाची चुकली तर कोणाचं काय जातं? माझं छप्पर.

तारीख पुढे ढकलताना सबळ कारण लेखी नोंदवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. माझ्या रोजनाम्यावर काय आहे? 'तहकूब'. एवढंच. ग्राहक आयोगांतल्या जागा न भरल्याची दखल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती, तरी पुन्हा तेच. ऑनलाइन तक्रारीच्या पोर्टलचं नाव मात्र तत्परतेने बदललं: ई-दाखिल होतं, जानेवारी 2025 मध्ये ई-जागृती झालं. 'जागो ग्राहक जागो'! साहेब, जागे आहोत. रात्री दोनला, चारला, बादली भरली की जागे होतो.

आणि हा ठेकेदार कोण? कोणीही. रिक्षा चालवायला परवाना लागतो, बॅज लागतो. बिल्डरला महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणात, प्रकल्पाची नोंदणी लागते, बांधकामातल्या दोषाला तो पाच वर्षं बांधील असतो. माझ्या आईच्या डोक्यावर पत्रे घालणाऱ्याला मात्र पावतीपुस्तकही लागत नाही. तो आजही गावोगाव पत्रे घालतोय. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत दिसला, मला बघून हात केला. मीही केला, सवयीने. मत मागायला येणाऱ्यांनाही आम्ही असाच हात करतो.

मागणं फार नाही. रिकामी जागा भरा. तहकुबीचं कारण लिहायला लावा. छपराची कामं घेणाऱ्यांची तालुक्याला निदान एक नोंदवही ठेवा.

आणखी एक. आयोगाने नेमलेले अभियंता पाहणीला आले ते फेब्रुवारीत. बाहेर कडक ऊन. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पाहणीच्या वेळी गळती आढळली नाही.' ठेकेदाराचे वकील तेवढंच वाक्य दर तारखेला वाचतात. फेरपाहणीचा माझा अर्ज पडून आहे, आणि 20 नोव्हेंबरला पाऊस गेलेला असेल. कोणालातरी या आठवड्यात पाठवा. छत्री आणायला सांगा, घरात लागेल.

आपला,
तक्रारदार, वय 63