युरोपची वाट नोंदणीपासून सुरू होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलपटू सायमन आदिंग्राचे नाव आता इंदूरच्या चिमणबाग मैदानावरच्या मुलांच्याही तोंडी असते. त्यामुळे पंधराव्या वर्षीच मुलाला युरोपात ‘ट्रायल’ला (निवड चाचणीला) पाठवावे काय, असे पालक विचारू लागले आहेत. त्यांनी आधी आदिंग्राचाच प्रवास पाहावा.

आयव्हरी कोस्टचा हा विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू) जन्मला १ जानेवारी २००२ रोजी. घडला शेजारच्या घानात, ‘राइट टू ड्रीम’ अकादमीत. डेन्मार्कच्या नॉर्दशेलँड क्लबकडे गेला तो अठरा पूर्ण झाल्यावरच. २०२२ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन क्लबने त्याला घेतले, पण लगेच वर्षभरासाठी बेल्जियमच्या युनियन क्लबला उसना दिला. त्यानंतर इंग्लंड. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात नायजेरिया १-० ने पुढे असताना त्याच्या कॉर्नरवर सहकारी केसीएने हेडर मारून बरोबरी साधली आणि ८१व्या मिनिटाला डावीकडून आलेल्या त्याच्याच क्रॉसवर सेबॅस्टियन हॅलरने विजयी गोल केला. त्या दोन चेंडूंमागे चार देशांतली मेहनत आहे.

अठराच्या आतील खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी फिफा होऊ देत नाही. सवलती मोजक्याच. पालक फुटबॉलखेरीज अन्य कारणाने तिकडे राहायला गेले असतील, ही त्यातली मुख्य. ‘मुलाच्या खेळासाठी’ घर हलवले, तर ती मिळत नाही. तेव्हा पंधराव्या वर्षी पैसे भरून केलेल्या ट्रायलमधून करार निघत नाही, फार तर फोटो निघतात.

आता आपल्या क्लबांविषयी, कारण खरी चूक इथे होते. खेळाडू करार चालू असताना परदेशी क्लबला विकला गेला, तर रकमेच्या पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. एक कोटीचा सौदा झाला, तर पहिली चार वर्षे शिकवणाऱ्या इंदूरच्या क्लबचा वाटा एक लाख. चेंडू, जाळी आणि मैदानावर पाणी मारण्याचा खर्च त्यातून निघेल! पण हा हिशेब नोंदीवरून होतो. मुलगा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नसेल, नुसता स्पर्धेच्या कागदी यादीत असेल, तर ती वर्षे कोरीच राहतात. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळत नसली, तरी नोंद अडते. ती दुरुस्ती बाराव्या वर्षीच करून घ्यावी, करार समोर आल्यावर वेळ उरत नाही.

पालकांनी ट्रायलवाल्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: क्लबच्या स्वतःच्या कार्यालयाकडून आलेले पत्र, एजंटचा फिफा परवाना क्रमांक, आणि कोणता क्लब कोणत्या तारखेला नोंदणी करणार याचे लेखी उत्तर. अशा ट्रायलच्या जाहिराती छापण्यापूर्वी आपणही हीच कागदपत्रे मागावीत, ही विनंती.

– फुटबॉल प्रशिक्षक, इंदूर