त्या चौकटीवरची तिरकी रेघ

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ट्रस्टची तीन वर्षांची मदत मार्चअखेर संपली. शेवटचा हिशेब पाठवला, त्यावर तुमची पोच आली, "मिळाला, व्यवस्थित आहे." ती वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हिशेबासोबत जे लिहायचं होतं ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याआधी आम्ही बरीच दारं वाजवली. आश्रमशाळेला दप्तरं देऊ, पाण्याची टाकी बांधून देऊ, असं सगळे आनंदाने म्हणायचे. पण राज्याचा अर्थसंकल्प वाचायला, त्यातला आदिवासींचा वाटा तपासायला दोन माणसांचा पगार हवा आहे म्हटलं की बोलणं थांबायचं. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च पाहणाऱ्या) विभागात मला विचारलं, "यात फोटो कशाचा काढायचा?" प्रश्नाचा राग आला नाही. आमचं टिपण त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, त्याचा आला. तो अजून गेलेला नाही.

देशातल्या सगळ्या कंपन्यांचा सीएसआर खर्च २०२२-२३ मध्ये ३० हजार कोटींच्या आसपास होता. एकट्या महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या घरात आहे. दानाचा पैसा सरकारच्या पैशाची जागा कधीच घेऊ शकणार नाही. पण सरकारचा पैसा ज्याच्या नावावर आहे त्याच्यापर्यंत का पोचत नाही, हे शोधायला फार पैसा लागत नाही. चिकाटी लागते आणि कुणाच्याही उपकाराखाली नसलेली माणसं लागतात. गुजरातमध्ये 'दिशा' संघटनेने १९९० च्या दशकातच हे करून दाखवलं होतं. आदिवासी निधीचा हिशेब सोप्या टिपणांतून थेट आमदारांच्या हातात दिला होता. तुम्हाला हे पटवायला मी कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. तो उघडावाच लागला नाही.

त्या दिवशी तुम्ही आमच्या खोलीत आलात, सतरंजीवर बसलात आणि अर्ज माझ्यासोबत भरायला घेतलात. दुसऱ्या पानावर 'थेट लाभार्थींची संख्या' अशी चौकट होती. मी सवयीने आकडा जुळवायला लागले. जिल्ह्याची आदिवासी लोकसंख्या लिहावी, की आश्रमशाळेतली मुलं मोजावीत? तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत, त्या चौकटीवर तिरकी रेघ मारलीत, शेजारी सही केलीत आणि म्हणालात, "हे आम्ही विचारायलाच नको होतं. पुढचं पान घ्या."

ताई, तुम्हाला ते आठवतही नसेल. मी मात्र घरी जाऊन रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पैसे मागताना मला खोटं लिहावं लागलं नव्हतं.

आणि तीन वर्षं! सगळे एकेका वर्षाचं बोलत असताना तुम्ही आपणहून तीन म्हणालात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आधी अंदाज येतो, मग सुधारित अंदाज, आणि प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी. २०२२-२३ ला केलेल्या तरतुदीचं खरं काय झालं, ते २०२४-२५ च्या पुस्तकात दिसतं. वर्षभराच्या देणगीत एका रुपयाचाही माग शेवटपर्यंत काढता येत नाही. राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी ९.३५ टक्के, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. त्या प्रमाणात निधी वेगळा काढावा, हे राज्य सरकारच्याच सुकथनकर समितीने तीसहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलं. तो पुस्तकात ७९६ या लघुशीर्षाखाली, म्हणजे आदिवासी खर्चासाठी ठरलेल्या क्रमांकाखाली, दाखवलाही जातो. पण तरतूद दिसली म्हणजे पैसा पोचला असं नसतं. सुधारित अंदाजात कात्री लागते, उरलेला उशिरा सुटतो, मार्चअखेर न वापरताच 'समर्पित' होतो, म्हणजे तिजोरीत परत जातो. आमच्या भागातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या दुरुस्तीचे पैसे असेच परत गेल्याचं आम्हाला पुस्तकातच सापडलं. ग्रामसभेत ते वाचून दाखवलं तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "म्हणजे पैसे होते?" सभा गप्प झाली. तोवर सगळ्यांना वाटायचं, सरकारकडे पैसाच नाही. त्यानंतर पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध (विशिष्ट कामाला न बांधलेल्या) निधीचा हिशेब बायकांनी स्वतः मागितला. आम्ही फक्त सोबत गेलो.

आमच्या एका टिपणावरून तुमच्याकडे वरून विचारणा झाली होती, हे मला वर्षभराने तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तुम्ही आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत. कुठलंही टिपण आधी दाखवा म्हणाला नाहीत. विधानसभेत पुरवणी मागण्यांच्या वेळी एका आमदारांनी आमचे आकडे वाचले, त्या कागदावर तुमच्या ट्रस्टचं नाव नव्हतं, कारण तुम्हीच ते नको म्हणाला होतात. राज्याचा पैसा कुठे जावा हे देणगीदाराने ठरवू नये, तो ज्यांचा आहे त्यांनी ठरवावं, एवढं तुम्ही पाळलंत. पैसे देऊन बाजूला उभं राहणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. देणारा असा असला की घेणाऱ्याची मान ताठ राहते, आणि ताठ मानेने विचारलेल्या प्रश्नाला कचेरीतही उत्तर मिळतं, हे मी स्वतः अनुभवलं.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. वसतिगृहाचं छत झालं, न्हाणीघरं अजून तशीच आहेत. आंध्र आणि कर्नाटकने २०१३ मध्ये अशा राखीव निधीसाठी कायदा केला. आपल्याकडेही तसा व्हावा म्हणून आमचं टिपण तयार होत आहे. त्याची प्रत तुम्हाला पाठवीनच, फक्त वाचायला.

परवा दुसऱ्या एका संस्थेतला मित्र तुमच्याकडे अर्ज करायचा म्हणून नमुना घेऊन आला होता. मी आधी दुसरं पान उघडलं. ती चौकट आता छापलेलीच नाही.

तुमची,
अर्थसंकल्प वाचणारी एक कार्यकर्ती