मेथोट्रेक्सेट रोज नाही, आठवड्यातून एकदा!

संपादक साहेब,
सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण बीपी-शुगरच्या गोळ्यांसारखी ती रोज घेणारे पेशंट निघतात, मग तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवावरही बेततं. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसतो आणि काउंटरवर औषध देणारा बऱ्याचदा फार्मासिस्ट नसतोच, सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर लटकलेलं! २००८ पासून आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) कोर्स आहे, पोरं त्यात हेच तर शिकतात, पण पुढे वॉर्डात त्यांना विचारतं कोण? डॉक्टरांनी निदान ‘फक्त सोमवारी’ असं अक्षरात लिहावं आणि दुकानदाराने ते बोलून सांगावं. साइड इफेक्ट झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर पेशंटलाही कळवता येतं, हा नंबर किती मेडिकलमध्ये लावलाय?
– एक वाचक, सातारा