दीडशे रुपयांच्या पंक्चरबद्दल, विल्होळीच्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांना,
साष्टांग नमस्कार.

मी नाशिकच्या अंबडची. राखाडी गाडी, मागच्या डाव्या चाकात स्क्रू घुसलेला. एवढ्यावर ओळख पटली नसेल तर सांगते, पंक्चर काढून झाल्यावरही तासभर तुमच्याशी हुज्जत घालत बसलेली बाई. समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही ‘चहा घ्या’ म्हणून विषय बदलता. दोनदा झालं तसं. म्हणून आता चारचौघांत लिहिते. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

त्या दिवशी माझं डोकं का फिरलेलं होतं ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. आदल्याच आठवड्यात भिवंडीहून येत होते. इगतपुरीला समृद्धीवरून उतरून जुन्या हायवेला लागले. जुलैमधला इगतपुरीचा पाऊस काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घोटीच्या अलीकडे उजव्या लेनमध्ये पाणी साचलं होतं, वेग ऐंशीच्या आसपास. गाडी पाण्यात शिरली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, ताकात रवी फिरावी तसं. एक-दोन सेकंदच असेल. मी पाय उचलला, ब्रेकला हात नाही... म्हणजे पाय नाही लावला, आणि गाडी आपोआप जमिनीवर आली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत निघून गेला. घोटीला टपरीवर थांबले तेव्हा चहाचा कप बशीवर वाजत होता.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेचं केबिन, एसी, कॉफी. तिथल्या मुलाने गाडीकडे पाहिलं, टायरकडे पाहिलंच नाही. म्हणाला, मॅडम, एसयूव्ही आहे, तिला हे बारीक टायर शोभत नाहीत, ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यालाही चालणारे, टाका, २५५ रुंदीचे टाका. चार टायरांचं अठ्ठावन्न हजारांचं कोटेशन हातात दिलं. मी नेटवर वाचून ‘ऑल सीझन’ असा शब्द डोक्यात घेऊन गेले होते, तोही त्याने ऑल टेरेनमध्येच जमा केला. ते कोटेशन डॅशबोर्डवर टाकून फिरत होते आणि विल्होळीला तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी लंगडायला लागली.

तुम्ही स्क्रू काढला, स्ट्रिप घातली, थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. मग चाक परत बसवण्याआधी टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर, बाहेरून आत. माझा हात धरून तसाच फिरवायला लावलात. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं बोचत होतं. “ताई, अलाइनमेंट कधी केली होती?” मला आठवेना. बावीस वर्षं मशीनवर काम करते, पृष्ठभागावरून हात फिरवून फिनिश ओळखते, आणि स्वतःच्या गाडीच्या टायरला कधी हात लावला नव्हता. तिथे जी लाज वाटली ती अजून आहे.

मग काडेपेटीची काडी नक्षीत खुपसून, तिच्यावर नखाने खूण करून तुम्ही दाखवलंत. मी गाडीतून माझा डेप्थ व्हर्निअर, खोली मोजायचं माप, काढला. तुम्ही हसलात, पण मला आकड्याशिवाय झोप येत नाही. पुढच्या टायरची बाहेरची कड ३.४ मिलिमीटर, आतली १.८. नवा टायर साधारण आठचा असतो. कायद्याने हद्द १.६ ची, आणि ती दाखवायला खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात हे मला बासष्ट हजार किलोमीटर झाल्यावर कळलं. “कायद्याचं १.६ कोरड्या रस्त्याला ठीक. पाऊस असला की तीनच्या खाली गेलं तेव्हाच टायर संपला समजा,” असं तुम्ही म्हणालात, आणि घोटीच्या त्या दोन सेकंदांचा हिशेब माझा मला लागला. खाच उथळ, पाण्याला जायला वाट नाही, मग टायर पाण्यावर तरंगणारच.

मी म्हटलं, तूर्त पुढचे दोन बदलते, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. तुम्ही नाही म्हणालात. दोनच घ्यायचे असले तर नवे मागे टाका. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की आवरता येते. मागचं घसरलं तर भोवरा होतो. हे मी नंतर चार ठिकाणी विचारून पाहिलं (माफ करा, सवय आहे), सगळीकडे तेच उत्तर मिळालं. शेवटी चारही बदलले. त्यावर तुम्ही नाक मुरडलंत, मागचे अजून वर्षभर चालले असते म्हणून. चालले असते. पण मला पुढचा पावसाळा मनात हिशेब करत काढायचा नव्हता.

आता त्या कोटेशनबद्दल. तुम्ही ते उलटं धरून वाचलंत, चष्मा नव्हता, आणि पहिला प्रश्न विचारलात, “गाडी चिखलात किती जाते?” महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर, चाकण दोनदा, भिवंडी एक-दोनदा. चिखल म्हणजे अंबडमध्ये पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता, तोही कुंभमेळा होईपर्यंत. “मग जनावराला नाल कशाला ठोकता?” ऑल टेरेनच्या नक्षीतले रबराचे मोठे गट्टू मऊ मातीत पकड घेतात, पण सिमेंटच्या रस्त्यावर तेच गट्टू घुमतात, ओल्या डांबरावर जमिनीला कमी रबर लागतं आणि डिझेलही जास्त जातं. समृद्धीच्या काँक्रीटवर शंभरच्या वेगाने तासभर तो आवाज ऐकणं म्हणजे काय, ते मी नंतर एका ओळखीच्याच्या गाडीत अनुभवलं. इगतपुरीच्या त्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात तर एकमेकांशी बोलता येईना.

आणि ऑल सीझन? त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलंय. “बर्फ पडतो तिथली भानगड आहे ती. निफाडला पारा पाचाखाली गेला तर द्राक्षं कुडकुडतात, टायर नाही.” थंड देशांत उन्हाळी रबर सातेक अंशांखाली ताठर होतं म्हणून हिवाळ्याचे वेगळे टायर घालतात, आणि दोन्हींच्या मधला तो ऑल सीझन. आपल्याकडे ऋतू दोनच, तापलेला रस्ता आणि भिजलेला रस्ता. या दोन्हींना पुरणारा टायर तो आपला ऑल सीझन, मग दुकानदार त्याला हायवे टेरेन म्हणो की आणखी काही. बाजूवर एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, हेही तुम्हीच सांगितलंत.

२५५ चं गणित मात्र मी घरी जाऊन केलं. माझा मूळ साइज २३५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. एकूण व्यास ७३७ मिलिमीटरच्या जवळ. २५५/६५ घातला तर ७६३. साडेतीन टक्क्यांचा फरक. स्पीडोमीटर १२० दाखवेल तेव्हा गाडी १२४ ने पळत असेल, म्हणजे समृद्धीवर कॅमेऱ्याला आयतं गिऱ्हाईक. तो मुलगा हे सांगणार नव्हता. त्याला बहुधा माहीतही नसेल.

त्या पत्र्याच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरच्या आवाजात, तुम्ही मला टायरची बाजू वाचायला शिकवलीत. साइजच्या पुढे १०४ एच. १०४ म्हणजे एका टायरवर नऊशे किलोंपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० चा वेग झेपेल. “तुम्हाला २१० ने जायचं नाहीये, पण याच्या खालचं घेऊ नका, गाडीत कायम लोखंड असतं तुमच्या.” आणि ते लंबगोलातले चार आकडे. माझ्या टायरवर ३८२०, म्हणजे २०२० सालचा अडतिसावा आठवडा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या काचेच्या दुकानात गेले, ‘फ्रेश स्टॉक’पुढे गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात वाचलं. २८२२. तीन वर्षांचा फ्रेश. त्या मुलाने मला हा आकडा कुणी सांगितला म्हणून विचारलं. सांगितलं नाही.

हवेचं तर मी आयुष्यभर उलटंच करत आले होते. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून एप्रिल-मेमध्ये दोन-चार पॉइंट कमी ठेवायचे, हे आमच्याकडे वडिलांपासून चालत आलेलं. तुम्ही काही न बोलता शेडच्या खांबाला अडकवलेली बांधणीची तार घेतलीत, एकाच जागी आठ-दहा वेळा पुढेमागे वाकवलीत आणि माझ्या बोटाला टेकवलीत. चटका बसला. “कमी हवेचा टायर दर चक्कराला असाच वाकतो. बाहेरचं ऊन नाही फोडत त्याला, आतलं फोडतं.” त्या तारेनंतर आमच्या घरातला तो नियम संपला. आता दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ३३, सकाळी गार टायरमध्ये. चाकणला पोचल्यावर ३७ दिसले तरी सोडायची नाही. नायट्रोजनवर आपलं जमलं नाही. तुम्ही म्हणता साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, तो फुकट घ्या. मी एकदा पैसे देऊन भरला. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे जसं पाहिलंत तसं आमच्या सासूबाई विकतच्या पुरणपोळीकडे पाहतात.

टायर कुठला घ्यावा हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. नक्षी कशी पाहायची ते सांगितलंत. मधून सरळ पळणाऱ्या रुंद खाचा चार हव्यात, पाणी मागे फेकायला. कडेचे गट्टू एकमेकांना जोडलेले, म्हणजे आवाज कमी. गट्ट्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा, ओल्यात पकडीला. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा मोठा म्हणून भुलू नका, तो कंपनीने आपला आपणच दिलेला असतो, आणि फार टिकाऊ रबर पावसात कधीकधी कडक निघतं. तीन दुकानं पालथी घातली. साडेत्रेचाळीस हजारांत चार मिळाले, मूळ साइजचे, दोन महिन्यांपूर्वी बनलेले, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून. बिलावर चारही टायरांचे नंबर लिहून घेतले, तुम्ही बजावलं होतं तसे.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा तोच रस्ता, तसाच पाऊस, घोटीच्या अलीकडे तसंच पाणी. या वेळी साठवर होते. पाण्याचा आवाज आला, दोन्हीकडे पंखे उडाले, स्टिअरिंग होतं तिथेच होतं.

या सगळ्यात तुम्ही माझ्याकडून दीडशे रुपये घेतलेत. एसटीच्या वर्कशॉपात एवढी वर्षं टायर रिमोल्ड करण्यात काढलेला माणूस, तुमच्याकडे एसयूव्हीचा एक टायर विकायला नाही, आणि तासभर तुम्ही मला दुसऱ्याच्या दुकानातून काय घ्यायचं ते शिकवलंत. तेवढ्यात दोन रिक्षावाले पंक्चर दुसरीकडे काढायला निघून गेले. ते मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही.

पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून पत्रासोबत एक वस्तू पाठवते आहे. आमच्याच मशीनवर केलेली पितळी पट्टी, बोटाएवढी. एका टोकाला १.६ ची पायरी, दुसऱ्याला तीनची. खाचेत उभी धरायची, पायरी बुडाली नाही तर टायर गेला. आकडे खोल कोरलेत, चष्म्याशिवाय बोटाला लागतील. कडा मी स्वतः घासून घेतल्यात. एका टोकाला भोक ठेवलंय, खांबाला त्या तारेशेजारी अडकवता येईल.

टायर पुढचे मागे फिरवायला दहा हजार किलोमीटरवर या म्हणालात ना, साडेतीन हजार झालेत.

तुमची,
राखाडी गाडीवाली, अंबड