'उचल' म्हणायचं राहिलं

येरवडा, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय संज्या,

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. धाकटा भाचा पंधरा तारखेला दुबईला नोकरीवर रुजू होतोय, त्याच्याबरोबर हे पाठवतोय. सोबत एक लांबुळकं पार्सलही आहे. ते आधी उघडू नकोस, पत्र वाच.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "दिल्या, मी इथं स्टेडियमात घसा फोडून घेतोय आणि तू आशिया कपची भारत-पाकिस्तान फायनल सोडून गोल्फ बघतोस? डोकं ठिकाणावर आहे का?" उत्तर मोबाइलवर बोलायला तीनदा घेतलं, पण दुकानात गिऱ्हाईक काही थांबत नाही. एकाला होल्डर, एकाला दोन मीटर वायर. शिवाय जे सांगायचंय ते काउंटरवर उभं राहून सांगण्यासारखं नाही.

तर त्या रविवारी आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे पण सगळे जमले होते. मी कोपऱ्यात, एका कानात इअरफोन, मांडीवर मोबाइल. क्रिकेटही बघितलं रे, तिलक वर्माचं सगळं बघितलं. पण साडेनऊला न्यूयॉर्कमधल्या मॅचेस सुरू झाल्या आणि मी दोन्हीकडे अर्धा-अर्धा झालो. एकदा तर सगळे गप्प असताना मीच "गेलाऽऽ" म्हणून ओरडलो, तर तुझ्या वहिनीला वाटलं आपली विकेट पडली. रिंकूनं चौकार मारला, खाली फटाके वाजले, घर झोपलं, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उरलेला रायडर कप बघितला.

तुला रायडर कप माहीत नसणार. आपण कॅडी म्हणून गोल्फच्या बॅगा उचलायचो तेव्हा साहेब लोक त्याबद्दल आपापसात बोलायचे, आपल्याला त्यात गम्य नव्हतं. दर दोन वर्षांनी युरोप विरुद्ध अमेरिका. दोन्हीकडे बारा-बारा जण, तीन दिवस, एकूण २८ गुण. पहिले दोन दिवस जोड्यांचे. सकाळ-दुपार मिळून एकदा दोघांनी एकच चेंडू आळीपाळीनं मारायचा, एकदा दोघांनी आपापला मारून चांगला धरायचा. रविवारी एकास एक, बारा मॅचेस. एकूण फटके कोणी मोजत नाही. आपल्या सोमवारच्या मॅचसारखंच, होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा, जिंकला की एक वर, हरला की एक खाली. १४-१४ झालं तर कप ज्याच्याकडे आधी होता त्याच्याकडेच राहतो.

कप देणारा माणूस दुकानदार, म्हणून मला जास्त जवळचा. सॅम्युअल रायडर. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावचा, बियाण्यांच्या पुड्या एक-एक पेनीला पोस्टानं विकायचा. तब्येतीसाठी म्हणून पन्नाशीत गोल्फ धरलं आणि नाद लागला. शिकवायला एब मिचेल नावाचा व्यावसायिक खेळाडू ठेवला, आणि सोन्याच्या कपावर जो छोटा गोल्फर उभा आहे तो म्हणजे हाच मिचेल. गंमत म्हणजे १९२७ साली पहिल्या सामन्यासाठी ब्रिटनचा संघ बोटीनं अमेरिकेला निघाला, तेव्हा मिचेल अपेंडिक्समुळे मागे राहिला. कपावर तो, मैदानात नाही. अमेरिकेनं साडेनऊ-अडीच असं धुतलं.

पुढची पन्नास वर्षं हेच. ब्रिटन तीनदा जिंकलं, १९२९, १९३३ आणि १९५७ ला, एकदा बरोबरी, बाकी मार खाल्ला. शेवटी १९७७ मध्ये अमेरिकेचाच जॅक निकलॉस म्हणाला की हे असं एकतर्फी चाललं तर कोण बघणार, युरोपातले बाकीचे घ्या की. मग १९७९ पासून स्पेन, जर्मनी वगैरे सगळे आले. सेव्हे बॅलेस्टेरोससारखा माणूस आला आणि वारं फिरलं. १९७९ पासून आत्तापर्यंत युरोप १३ वेळा, अमेरिका ९ वेळा, एकदा बरोबरी. स्वतःचाच कप घालवून बसला म्हणायचं निकलॉस.

पण निकलॉसचं मला सांगायचंय ते हे नाही. १९६९ चं आहे.

इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेलला मॅच होती. वातावरण कडू झालेलं. ब्रिटनच्या कॅप्टननं आपल्या पोरांना बजावलं होतं म्हणे, अमेरिकनांचा चेंडू रफमध्ये, वाढलेल्या गवतात, गेला तर शोधायला मदत करायची नाही. शेवटच्या दिवशी शेवटची मॅच, निकलॉस विरुद्ध टोनी जॅकलिन. जॅकलिन ब्रिटनचा लाडका, त्याच जुलैमध्ये ब्रिटिश ओपन जिंकलेला. निकलॉस २९ वर्षांचा, त्याचा पहिलाच रायडर कप. जॅकलिननं सतराव्या होलवर पन्नासेक फुटांवरून पट, म्हणजे चेंडू सरपटत खळग्यात नेणारा फटका, घातला आणि मॅच बरोबरीत आणली. बाकी सगळ्या मॅचेस संपल्या होत्या, गुण साडेपंधरा-साडेपंधरा (तेव्हा एकूण ३२ असायचे). म्हणजे सगळं या एका होलवर. शेवटच्या, अठराव्या होलवर चालताना निकलॉसनं त्याला विचारलं, टेन्शन आलंय का? तो म्हणाला, जाम. निकलॉस म्हणाला, मलापण.

ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, निकलॉसनं आपला चार-पाच फुटांचा पट घातला. आता जॅकलिनचा उरला दोनेक फुटांचा. घातला तर बरोबरी, चुकला तर ब्रिटन हरलं. आणि निकलॉसनं चेंडू होलमधून काढला, वाकला, आणि जॅकलिनच्या चेंडूच्या जागी ठेवलेलं मार्कर उचलून त्याच्या हातात दिलं, म्हणजे पट न मारताच गेला असं धरलं. म्हणाला, तू चुकला नसतास असं मला वाटतं, पण चुकण्याची पाळी तुझ्यावर मी येऊ देणार नाही.

१६-१६. कप आधी अमेरिकेकडे होता, त्यामुळे त्यांच्याकडेच राहिला. पण त्यांचा कॅप्टन सॅम स्नीड भडकला. आम्ही काय इथं भलेपणा मिरवायला आलो होतो का, असा सूर. मला स्नीडचंही पटतं, खोटं कशाला बोलू. अकरा जणांनी घाम गाळलाय, आणि तू एकटा दानशूर. पण मग मी त्या दोन फुटांकडे बघतो, आणि स्नीड डोक्यातून जातो.

यंदाचं मैदान बेथपेज ब्लॅक. सरकारी मैदान आहे ते, कोणीही पैसे भरून खेळावं. पहिला फटका मारायच्या जागेजवळ पाटी आहे की हे मैदान फार अवघड आहे, मुरलेल्यांनीच यावं. बघणाऱ्यांसाठी मात्र तिकीट ७५० डॉलर, म्हणजे आपले साठ हजारांच्या वर. एवढे पैसे देऊन लोकांनी काय केलं तर युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला दिवसभर आईबहिणीवरून शिव्या. शनिवारी तोही पलटून एक शिवी हासडून मोकळा झाला आणि पुढच्याच फटक्याला चेंडू होलच्या जवळ नेऊन ठेवला. मला ते आवडलं. पण कोणीतरी ग्लास भिरकावला तो त्याच्या बायकोच्या टोपीवर येऊन पडला, ते बघून नको वाटलं. पोलीस वाढवावे लागले. गोल्फला! आपण शिंकलो तरी साहेब डोळे वटारायचे, आठवतंय?

शनिवारी रात्री युरोप साडेअकरा, अमेरिका साडेचार. संपलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आणि रविवारी अमेरिकन असे उठले की बास. एकेक मॅच अठराव्यापर्यंत, आणि अठराव्यावर पट आत. त्यात युरोपच्या व्हिक्टर होवलँडची मान धरली, तो उतरलाच नाही. त्यासाठी पाकिटाचा नियम आहे: दोन्ही कॅप्टन आधीच एकेक नाव बंद पाकिटात देतात, समोरचा जायबंदी झाला तर तो माणूस बसतो, दोघांना अर्धा-अर्धा गुण. अमेरिकेच्या पाकिटात हॅरिस इंग्लिशचं नाव होतं, तो धडधाकट असून बसला. १९९३ मध्ये लॅनी वॉडकिन्सनं म्हणे स्वतःहून सांगितलं होतं, माझं नाव घाला. पाकिटात स्वतःचं नाव घाला म्हणणारा माणूस कसा असेल, याचा मी दुकानात बसून बराच विचार केला.

शेवटी आयर्लंडचा शेन लॉरी अठराव्याला आला. गडी आपल्या पाटलासारखा, दाढी, पोट, सगळं. एक होल खाली. समोर रसेल हेन्ली, त्याचा पट कमी पडला. लॉरीचा उरला साधारण सहा फुटांचा, घातला की कप युरोपकडे राहतो. हेन्लीनं काही तो दिला नाही, सहा फूट कोण देतं? लॉरीनं घातला आणि मग ग्रीनवर असा नाचला की मी ओट्याजवळ एकटाच हसलो. शेवट १५-१३.

हो, तुझ्या मॅचनंतर काय झालं तेही कळलं. आपल्या संघानं हात मिळवले नाहीत, करंडक घेतला नाही. त्यात मी पडत नाही, ज्याचं त्याला माहीत. फक्त एकाच रात्री दोन्ही बघितलं, म्हणून झोप लागली नाही.

अजून एक. अनिर्बन लाहिरी ऐकून असशील, जन्म पुण्यातलाच, वडील लष्करात डॉक्टर. रायडर कपात आपला माणूस येणं शक्यच नाही, पण अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग असा प्रेसिडेंट्स कप असतो. २०१५ मध्ये कोरियात त्यात खेळणारा तो पहिला भारतीय. रविवारी ख्रिस कर्कविरुद्ध शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. कर्कनं पंधराएक फुटांवरून घातला. लाहिरीला चारेक फुटांचा. चेंडू कडेला लागून बाहेर आला. संघ साडेचौदा-साडेपंधरा असा एका गुणानं हरला. तो पट गेला असता तर बरोबरी होती. आणि मैदान कुणाच्या नावाचं? जॅक निकलॉसच्या. मी तो पट मोबाइलवर कितीदा बघितला असेल त्याला गणती नाही. चेंडू बाहेर येतो त्यानंतर त्याचा चेहरा दिसतो, तिथं मी थांबवतो.

कारण तो चेहरा मी आधी पाहिलेला आहे, संज्या.

मे १९९२. सोमवार, मैदान सभासदांना बंद, कॅडींची मॅच. फायनलला तू आणि मी. शेवटच्या ग्रीनवर तुझा दोन फुटांचा उरला होता. धड एक पाऊल पण नाही. बाकी पोरं कडेला गुलमोहराखाली बसली होती, त्यांतला कोणीतरी म्हणाला पण, "दिल्या, उचल म्हण की." म्हणजे मारू नकोस, गेला असं धरू. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बॅगेची चेन उघडून उगाच चेंडू ठेवायची टी शोधत बसलो.

तू दोन दिवस तापानं झोपून उठला होतास. पटर, पट मारायची काठी, धरलेला तुझा हात मला दिसत होता. तेवढ्यासाठीच मी गप्प राहिलो. निकलॉस म्हणाला, तू चुकला नसतास. मी म्हणत होतो, हा चुकणार. मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नियमच तसा आहे, मॅच म्हणजे मॅच, फायनलला कोणी गिमी, असा न मारताच धरलेला पट, देत नाही. नियम तसा आहेच. पण मी नियमासाठी गप्प नव्हतो.

तू काही बोलला नाहीस. हात मिळवलास, सायकल काढलीस, आणि पुढच्या सोमवारी आला नाहीस. त्यानंतर आपण काय कमी भेटलो? तुझ्या लग्नात मी पाहुण्यांच्या पंगतीला वाढलंय. आईच्या दहाव्याला तू दुबईहून आलास. पण मैदानाचा विषय निघाला की तू चहा मागवायचास.

बक्षीस म्हणून साहेबांनी दिलेला पटर माझ्याकडेच होता. कधी खेळलो नाही त्यानं. दुकानाच्या माळ्यावर ट्यूबलाइटच्या खोक्यांमागे पडून होता. परवा दसऱ्याला हत्यारांची पूजा करायला पकडी, टेस्टर, ड्रिल मांडलं, आणि तो पण खाली काढला. ग्रिप सुटत होती म्हणून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. शोभत नाही, पण घट्ट बसली आहे. पार्सलात तोच आहे. तुमच्या तिकडे गोल्फची मैदानं बरीच आहेत असं ऐकतो, रात्रीपण दिवे लावून खेळतात म्हणे. नाहीतर दारामागे ठेव.

भाच्याला विमानतळावरून घ्यायला जमलं तर बघ, पोरगं पहिल्यांदाच बाहेर पडतंय. तुझ्या वहिनीनं चकली दिली आहे, ती वेगळ्या पिशवीत, पटरच्या पार्सलात ठेवली नाही, चुरा होईल म्हणून. उद्या कोजागिरी. दूध आटवायला तू नाहीस, त्यामुळे या वर्षी ते करपणार नाही एवढं नक्की.

पोरांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या

ता. क. – तो होल अजून आहे तिथंच, पण ग्रीन आता मागे सरकवलंय. गुलमोहर मात्र तोच.