फी आधी न मागणाऱ्या वकीलताईंना

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही न्यू जर्सीत वाढलात, मराठी छान बोलता पण वाचायचा कंटाळा करता. आईंकडून वाचून घ्या. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आधी फी न देताही वकील मिळतो, हे इकडच्या बऱ्याच मराठी घरांना माहीतच नसतं.

संधिवाताने ह्यांची बोटं आखडली, कीबोर्डवरची नोकरी गेली. सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीच्या, म्हणजे आजारपणाने काम सुटलेल्यांना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या रकमेच्या, अर्जाला आधी आणि मग फेरविचारातही नकार आला, आता न्यायाधीशांपुढे जायचं होतं. माझ्या एकटीच्या पगारात घराचा हप्ताच जेमतेम निघत होता, त्यात वकील कुठून परवडणार?

तुम्ही एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडलात. केस हरलो तर फी नाही. जिंकलो तर थकबाकीच्या, म्हणजे निकालापर्यंत सरकारकडे साठलेल्या आमच्या मागच्या रकमेच्या, २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यातलं जे कमी असेल ते. थकबाकी २४,००० निघाली तर ६,०००. ४०,००० निघाली तर पाव हिस्सा होतो १०,०००, पण मिळणार ९,२००च. ही मर्यादा सरकारने ठरवलेली, नोव्हेंबर २०२४च्या अखेरपर्यंत ती ७,२०० होती. पुढे दरमहा येणाऱ्या रकमेला वकिलाचा हात लागत नाही. दवाखान्यातल्या रेकॉर्डच्या प्रतींचा खर्च तेवढा वेगळा, आणि प्रकरण फेडरल कोर्टात गेलं तर फीचे नियम निराळे, हेही तेव्हाच सांगितलंत. सगळं कळल्यावरच ह्यांनी करारावर सही केली.

खरं तर निकाल जितका लांबेल तितकी थकबाकी वाढते, म्हणजे मर्यादा गाठेपर्यंत वकिलाची फीही. तुम्ही मात्र घाईला लागलात. ह्यांच्या डॉक्टरांकडे नुसतं आजाराचं नाव लिहिलेलं होतं. तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेतलंत, की हा माणूस किती मिनिटं टाइप करू शकतो, किती पौंड उचलू शकतो, शर्टाची बटणं लावता येतात की नाही. त्या कागदांवरच, सुनावणी न घेता निकाल द्यावा, अशी विनंती केलीत आणि ती मान्य झाली. तुमची फी त्यात कमीच झाली. गावाकडे कोर्टाच्या तारखांवर हयात घालवलेल्या माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना.

निकालानंतरच्या पत्रात तुमचा हिस्सा कापून ठेवल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. आम्हाला चेक फाडावाच लागला नाही, सोशल सिक्युरिटीने पैसे परस्पर तुम्हाला पाठवले. त्यातूनही त्यांचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच वाट्यातून गेलं. आमच्याकडून ते घ्यायला तुम्हाला मनाई आहे म्हणे!

मंजूर फीच्या वर काही घेता येत नाही, असं म्हणून तुम्ही ह्यांनी पुढे केलेलं पाकीट परत केलंत. ठीक आहे. रेकॉर्डच्या प्रतींचा चेक पोस्टात टाकलाय. चकल्या शनिवारी घेऊन येतेय, त्या कुठल्या हिशेबात धरू नका.

तुमची,
एका अशिलाची बायको