‘इंट्रो’ म्हटलं की रॅगिंग माफ होतं का?

संपादक साहेब, नमस्कार.

फर्स्ट इयरच्या अॅडमिशन सुरू झाल्या की रॅगिंगची एखादी तरी बातमी येतेच आणि तिला ‘मस्करीची कुस्करी’ असलं हेडिंग असतं, त्यावरून हे पत्र. इंग्रजीत रॅग करणं म्हणजे चिडवणं, टर उडवणं, आणि इंग्लंडच्या युनिव्हर्सिट्यांत तर ‘रॅग वीक’ असतो, पोरं चित्रविचित्र कपडे घालून चॅरिटीसाठी पैसे गोळा करतात. इकडे मात्र त्याचं काय झालंय ते सगळ्यांना माहितीय, म्हणून आता सिनियर लोक तो शब्दच वापरत नाहीत, ‘इंट्रो’ म्हणतात.

माझा भाचा इंजिनियरिंगच्या हॉस्टेलला आहे, कॉलेजचं नाव नको. तिथला इंट्रो म्हणजे सिनियर दिसला की मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटनावर, मग नाव, गाव, बारावीचे मार्क सांगायचे. पोरगा लातूरकडचा, तोंडातून ‘काय करायलास’ निघालं की संपलं, तेच परत परत म्हणून दाखवायचं आणि बाकीच्यांनी खिदळायचं. वर व्हॉट्सअॅप ग्रुप, रात्री दोनला मेसेज टाकणार आणि रिप्लाय नाही आला तर दुसऱ्या दिवशी रूमवर पेशी. रेक्टर काय म्हणतात, कोणी हात लावला का? नाही ना, मग हे रॅगिंग नाही!

अहो, पण महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम यायच्या दहा वर्षं आधीचा, आणि त्यात हात लावायचीच अट नाहीये. भीती, शरम किंवा ओशाळं वाटेल असं वागणं, चिडवणं, शिवीगाळ, आणि जे पोरगं एरवी स्वतःहून करणार नाही ते करायला लावणं, हे सगळं रॅगिंगच धरलंय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढणार आणि पाच वर्षं दुसरीकडेही अॅडमिशन नाही. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची जबाबदारी कॉलेजच्या प्रमुखाची, टाळाटाळ केली तर त्यांनीच गुन्ह्याला मदत केली असं मानलं जातं. हे किती प्रिन्सिपॉलना माहितीय कोण जाणे.

अँटी रॅगिंगचं अंडरटेकिंग तर पालकांकडूनही भरून घेतात, पण ते नेटकॅफेवाला टिक मारून प्रिंट काढून देतो, वाचतंय कोण. आणि तक्रारीचं म्हणाल तर माझी बहीणच म्हणते, जाऊ दे दादा, चार वर्षं काढायचीयत तिथं, उगाच वाकड्यात कशाला शिरायचं.

तेव्हा एक विनंती, या सीझनमध्ये रॅगिंगची बातमी छापाल तेव्हा खाली एका चौकटीत कायद्यातली व्याख्या साध्या मराठीत द्या आणि सोबत २४ तास चालणारी हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२. मस्करी, चेष्टा हे शब्द तेवढे हेडिंगमधून काढा.

– एक मामा, सोलापूर